चीनमधील ख्रिस्ती धर्म : सनद आणि देवघर

१.

जुन्या कागदांशीं ज्यांचा नित्य संबंध येतो त्यांस हें सांगावयास नको कीं, देवस्थानाची सनद आणि देवस्थानांतील भक्ति या दोन निराळ्या गोष्टी होत. सनदेवरून सरकारानें इनाम केव्हां दिलें, केव्हां जप्त केलें व केव्हां मोकळें केलें एवढें कळतें. मधल्या काळांत नंदादीप तेवत होता कीं विझला होता, आणि तेवत असल्यास त्यांत तेल कोण घालीत होतें, हें सनद सांगत नाहीं. तें कळावयास घराण्यांचीं दफ्तरें, वंशावळी आणि टिपणें पाहावीं लागतात.

चीन देशांतील ख्रिस्ती धर्माच्या इतिहासास हा नियम विशेष रीतीनें लागू पडतो. गेल्या सुमारें चौदाशें वर्षांत या धर्मास तेथें पांच वेळां दार उघडलें आणि चार वेळां तें बंद झालें. पहिल्या दोन वेळीं दार बंद झाल्यावर आंत जवळजवळ कांहींच उरलें नाहीं. तिसऱ्या वेळीं जें होतें तें टिकलें. चौथ्या वेळीं तर तें वाढलें. पांचव्यानें उघडलेलें दार आज अर्धवट उघडें आहे. दर वेळीं फळ निराळें कां आलें, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. आम्हांस कोणत्याहि पंथाची बाजू मांडावयाची नाहीं; उपलब्ध साधनें काय बोलतात व कोठें गप्प राहतात, एवढेंच पाहावयाचें आहे.

२.

पहिलें साधन शिलालेखाचें. इ. स. ७८१ मध्यें थांग राजवटीच्या राजधानींत, म्हणजे हल्लींच्या शीआन शहराच्या परिसरांत, सुमारें नऊ फूट उंचीची एक शिला उभी करण्यांत आली. तिच्या माथ्यावर कमळावर उभा असलेला क्रूस आहे. खालीं सुमारें पावणेदोन हजार चिनी अक्षरांचा लेख असून त्याबरोबर सुरियानी लिपींतील ओळी व नांवें आहेत. लेख जिंगजिंग नांवाच्या भिक्षूनें रचिला. त्याचें सुरियानी नांव आदम. इ. स. ६३५ मध्यें आलोबन नांवाचा धर्मगुरु ग्रंथ घेऊन राजधानींत आला, सम्राट् ताइझोंग यानें ६३८ मध्यें आज्ञापत्र काढून या धर्माच्या प्रसारास परवानगी दिली, आणि २१ भिक्षूंचा एक मठ सरकारी आज्ञेनें बांधविला, अशी हकीकत तींत आहे. धर्माचें नांव 'जिंगज्याव', म्हणजे तेजस्वी धर्म, असें दिलें आहे.

ही शिला सतराव्या शतकाच्या पहिल्या पादांत जमिनींतून निघाली, तेव्हां युरोपांत ती बनावट असल्याचा ओरडा झाला. व्हॉल्तेरसारख्यानेंहि तींत जेझुइटांचें कारस्थान पाहिलें. परंतु लेखांतील एक चूकच त्याच्या खरेपणाची साक्ष देते. सुरियानी ओळींत धर्मपीठाधिपति हनानीशू याच्या कारकीर्दीचा उल्लेख आहे, आणि हा पीठाधिपति त्यापूर्वींच मरण पावला होता. मेसोपोटेमियांतील मृत्यूची बातमी चीनपर्यंत पोंचली नव्हती, इतकाच याचा अर्थ. बनावट लेख करणारा तारखा जुळवून घेतो. खरा लेख लिहिणाऱ्यास जें ठाऊक असतें तेंच तो लिहितो. १९०७ मध्यें फ्रिट्स होल्म नांवाचा एक डॅनिश गृहस्थ ही शिला परदेशीं नेण्याच्या उद्देशानें आला. त्याला प्रतिकृतीवर समाधान मानावें लागलें, आणि मूळ शिला त्याच वर्षीं शीआनच्या शिलालेख-संग्रहांत हलविण्यांत आली. तेथें ती आजहि आहे.

या लेखाची भाषा पाहतां त्यांत बौद्ध व ताओ संप्रदायांचे शब्द जागोजाग आढळतात. हा केवळ शब्दांचा उसनवार नव्हता. आपल्याकडून गेलेला प्रज्ञ नांवाचा बौद्ध भिक्षु व हाच जिंगजिंग या दोघांनीं मिळून षट्पारमिता-सूत्राचें भाषांतर केल्याची नोंद बौद्ध ग्रंथसूचींत आहे. एकास चिनी येत नव्हतें, दुसऱ्यास संस्कृत येत नव्हतें; सम्राटानें तें भाषांतर नापसंत केलें व दोघांनीं आपापल्या धर्माचें काम पाहावें असें सुनाविलें. दुन्ह्वांग येथील ज्या गुहेंतून १९०० मध्यें हजारों हस्तलिखितें बाहेर आलीं, तींतच पॉल पेलियो यास १९०८ मध्यें या धर्माचें एक स्तोत्र व ग्रंथांची एक यादी मिळाली. या धर्माचे ५३० ग्रंथ असून ते ताडपत्रांवर 'ब्रह्मवाणींत' लिहिलेले आहेत, असें त्या यादीच्या टिपणांत म्हटलें आहे. ग्रंथ अर्थात् सुरियानी होते. परंतु पश्चिमेकडून येणारा पवित्र ग्रंथ म्हटला कीं तो ताडपत्री व संस्कृतच असावयाचा, अशी चिनी लेखकाची समजूत आपल्या देशाच्या प्रतिष्ठेवर चांगलाच प्रकाश टाकते.

३.

इतकी राजकृपा, इतका ग्रंथसंभार; आणि परिणाम? इ. स. ८४५ मध्यें सम्राट् वूझोंग यानें बौद्ध मठांवर मोठी मोहीम काढली. तिच्यांत हा धर्महि सांपडला. ख्रिस्ती व अग्निपूजक मिळून दोनतीन हजार भिक्षूंस प्रपंचांत परत पाठविल्याचें आज्ञापत्रांत आहे. ९८७ मध्यें बगदाद येथें इब्न अल-नदीम यास चीनहून परत आलेला एक ख्रिस्ती साधु भेटला. तेथील ख्रिस्ती नाहींसे झाले असून एकच माणूस उरला आहे, असें त्यानें सांगितल्याचें 'फिहरिस्त' ग्रंथांत नमूद आहे. मंगोल अमदानींत दार पुन्हा उघडलें. १२९४ च्या सुमारास मोंतेकोर्विनोचा जॉन, वाटेंत मद्रासकडील संत थॉमसच्या क्षेत्रीं तेरा महिने राहून, बीजिंग येथें पोंचला. त्यानेंहि देवळें बांधलीं, हजारोंस बाप्तिस्मा दिला. परंतु १३६८ मध्यें मंगोल गेले, आणि त्यांचे आश्रितहि त्यांच्याबरोबर गेले.

याचें कारण शोधतांना २००६ मध्यें लोयांग येथें सांपडलेला एक भंगलेला अष्टकोनी स्तंभ फार उपयोगी पडतो. बौद्धांच्या धारणीस्तंभाच्या धर्तीचा हा स्तंभ ८१४-१५ च्या सुमारास एका आन आडनांवाच्या मृत स्त्रीसाठीं तिच्या मुलांनीं उभारिला व ८२९ मध्यें तो हलविण्यांत आला. त्यावर ख्रिस्ती सूत्र कोरलेलें आहे. शीआनची शिला मठाची व दरबाराची. लोयांगचा स्तंभ एका घरचा. मुलांनीं आईच्या कबरीजवळ आपल्या धर्माचा ग्रंथ कोरावा, ही गोष्ट पूर्णपणें चिनी मातृपितृभक्तीची आहे. परंतु तें घराणें मध्य आशियांतील सोग्दी वंशाचें होतें. म्हणजे धर्म घरांत शिरला होता खरा, पण तीं घरें बव्हंशीं परदेशीयांचीं होतीं. चिनी कुळांत त्याची मुळें खोल गेलीं नव्हतीं. झाड कुंडींतलें होतें. कुंडी उचलली, झाड गेलें.

संग्राहकांस या स्तंभानें एक धडाहि दिला. दुन्ह्वांगचें म्हणून जपानांत गेलेलें याच सूत्राचें एक हस्तलिखित, ज्यास 'कोजिमा' संग्रहांतील म्हणतात, तें बनावट असल्याचें लिन वूशू व रोंग शिनच्यांग या विद्वानांनीं पूर्वींच मांडलें होतें. स्तंभावरील पाठ त्या हस्तलिखिताशीं जुळला नाहीं. ली शेंगदो यांच्या संग्रहांतील पाठाशीं जुळला. जमिनींतून निघालेल्या दगडानें कागदाचा निवाडा केला.

४.

तिसऱ्या प्रकरणाचा आरंभ आपल्या किनाऱ्यापासून होतो. फ्रान्सिस झेवियर चीनच्या दारांत, शांगच्वान बेटावर, ३ डिसेंबर १५५२ रोजीं वारला. त्याचा देह गोव्यांत आहे. मातेओ रिची १५७८ मध्यें गोव्यास आला, कोचीन येथें १५८० मध्यें दीक्षित झाला, व १५८२ मध्यें गोव्याहून मकावला गेला. मकावचा धर्मप्रांत १५७६ मध्यें स्थापन झाला तो गोव्याच्या आर्चबिशपाच्या कक्षेंत. १६९० मध्यें स्थापिलेले बीजिंग व नानजिंग हे धर्मप्रांतहि त्याच कक्षेंत होते. पांडुरंग पिसुर्लेकरांच्या परिश्रमांमुळें मराठी संशोधकांस परिचित झालेल्या पणजीच्या दफ्तरखान्यांत मकाव व चीन यांविषयींचा पत्रव्यवहार आहे तो याच संबंधामुळें.

रिचीनें ओळखलें कीं, चीनचा खरा धर्म देवळांत नसून घरांत आहे. प्रत्येक घरीं पितरांच्या नांवाची पाटी असते. तिच्यापुढें धूप जळतो, अन्न ठेविलें जातें, माथा टेकविला जातो. हा कुळधर्म मूर्तिपूजा नसून पूर्वजांविषयींचा आदर आहे, म्हणून ख्रिस्ती झालेल्यानें तो पाळण्यास हरकत नाहीं, असा त्यानें निर्णय केला. त्यामुळें श्यू ग्वांगची यासारखा, पुढें मुख्य प्रधानांच्या पंक्तीस बसलेला विद्वान् १६०३ मध्यें बाप्तिस्मा घेऊं शकला. त्याची नात कँडिडा श्यू (१६०७-१६८०) हिनें पुढें अनेक देवळांस आश्रय दिला. शांघायमधील श्यूज्याह्वेइ या भागास त्या घराण्याचेंच नांव आहे.

पुढें या पाटीवरूनच सर्व बिघडलें. रिचीचा निर्णय इतर पंथांच्या मिशनऱ्यांस मान्य नव्हता. वाद रोमपर्यंत गेला. सम्राट् कांगशी यानें १६९२ मध्यें सहिष्णुतेचें आज्ञापत्र दिलें. पोपनें १७०४ मध्यें पितृपूजेविरुद्ध निर्णय दिला. पोपचा वकील तूर्नों वाटेंत पाँडेचरीस उतरला, तेथें त्यानें १७०४ मध्येंच दक्षिणेंतील ख्रिस्त्यांच्या हिंदु रिवाजांवर बंदी घातली, आणि मग तो बीजिंगला गेला. एकाच माणसानें दोन देशांतील घरांच्या उंबरठ्यांवर एकच हुकूम बजाविला, ही गोष्ट आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कांगशीनें १७०६ पासून परवाना सुरू केला. रिचीच्या रीतीनें वागेन व मायदेशीं परत जाणार नाहीं असें जो मिशनरी कबूल करील त्यासच राहण्याची मुभा. मांचू व चिनी अशा दोन भाषांत लिहिलेल्या या परवान्यांत धारकाचें वय, देश, पंथ व चीनमधील वास्तव्याचीं वर्षें नोंदलेलीं असत. पोपनें १७१५ व १७४२ मध्यें बंदी अधिकच घट्ट केली. मध्यंतरीं १७२४ मध्यें सम्राट् योंगझेंग यानें धर्मावरच बंदी घातली. हांगझौ येथील ख्रिस्ती देवळाचें १७३० च्या सुमारास तियानहौ या समुद्रदेवीच्या मंदिरांत रूपांतर झालें व सुभेदार ली वेइ यानें त्या प्रसंगाचा लेखहि लिहिला.

५.

सनदांवर विसंबणारा इतिहासकार येथें प्रकरण संपवील. परंतु नंदादीप विझला नव्हता. १७०० च्या सुमारास चीनमध्यें दोनएक लाख कॅथलिक होते असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १८०० च्या सुमारासहि आंकडा जवळजवळ तोच होता. पाऊणशें वर्षांच्या बंदीनें मोजदाद हलली नाहीं. कारण या वेळीं धर्म खेड्यांतील चिनी कुळांत गेला होता. पाद्री वर्षावर्षांत येत नसे. प्रार्थना गांवांतील वडीलधारा मनुष्य म्हणवून घेई. सिच्वान प्रांतांत अविवाहित राहून माहेरींच धर्माचरण करणाऱ्या व मुलींस शिकविणाऱ्या स्त्रियांचा वर्ग इतका वाढला होता कीं, १७४४ मध्यें त्यांच्यासाठीं नियमावली करावी लागली. त्याच प्रांतांत आंद्रेआस ली नांवाचा चिनी धर्मगुरु गुप्तपणें फिरत होता. त्यानें १७४६ ते १७६३ पर्यंत लॅटिनमध्यें लिहिलेली रोजनिशी उपलब्ध आहे. सरकारी आज्ञापत्रें ज्या काळांविषयीं केवळ 'बंदी' एवढाच शब्द उच्चारतात, त्या काळांत घरें, गांवें, भांडणें व उपासतापास कसे चालले होते, हें या रोजनिशीवरून कळतें.

बंदीच्याच काळांत चिनी बायबल सिद्ध झालें तेंहि चीनबाहेर, आणि त्याची एक आवृत्ति बंगालमधील श्रीरामपूर येथें. रॉबर्ट मॉरिसन १८०७ मध्यें कँटनला पोंचला व त्याचें संपूर्ण बायबल १८२३ मध्यें निघालें. परंतु त्याच्या आधीं १८२२ मध्यें जोशुआ मार्शमन यानें, मकावमध्यें जन्मलेल्या योहानेस लासार या आर्मेनियन गृहस्थाच्या साह्यानें, श्रीरामपुराहून आपलें भाषांतर पुरें केलें. विल्यम केरीचें मराठी व्याकरण १८०५ मध्यें निघालें तें याच श्रीरामपुराहून. त्याचा मोडी टाइपांतील मराठी कोशहि तेथलाच. मोडी व चिनी या दोन्ही लिपींचे खिळे एकाच छापखान्यांत असल्याचें हें दुर्मिळ उदाहरण होय.

६.

चौथें दार तोफांनीं उघडलें. १८४२ पासून १८६० पर्यंतच्या तहांनीं मिशनऱ्यांस चीनमध्यें शिरण्याचा व राहण्याचा हक्क मिळाला. मुंबई बंदरांतून जाणाऱ्या माळव्याच्या अफूसहि याच तहांच्या मालिकेनें कायदेशीर वाट करून दिली. तहाच्या जोरावर आलेला धर्म तहाच्या द्वेषाचाहि वांटेकरी झाला. १९०० च्या बॉक्सर बंडांत मिशनऱ्यांपेक्षां कितीतरी पट अधिक चिनी ख्रिस्ती मारले गेले. १९२२ मध्यें सुशिक्षितांची ख्रिस्तविरोधी चळवळ सुरू झाली. याच सुमारास परदेशी मंडळांशीं संबंध न ठेवणारे पंथहि निघाले. १९१७ मध्यें स्थापन झालेला 'खरें येशूमंडळ' हा त्यांपैकीं एक. पितृपूजेवरील बंदी रोमनें ८ डिसेंबर १९३९ रोजीं बव्हंशीं मागें घेतली. पाटीच्या वादानें सुमारें तीनशें वर्षें घेतलीं.

१९४९ मध्यें साम्यवादी राज्य आलें त्या वेळीं सुमारें सात लाख प्रॉटेस्टंट व तीस लाख कॅथलिक होते. १९५४ मध्यें 'त्रिस्व' चळवळ संघटित झाली : स्वशासन, स्वावलंबन व स्वप्रसार. हें सूत्र साम्यवाद्यांनीं शोधिलेलें नव्हे. एकोणिसाव्या शतकांत हेन्री व्हेन व रूफस अँडरसन या मिशन-चिटणिसांनीं तें मांडलें होतें, आणि यांतील अँडरसन अमेरिकन मराठी मिशनचें काम पाहण्यास १८५४-५५ मध्यें स्वतः मुंबई व अहमदनगर येथें येऊन गेला होता. चीनमध्यें मात्र त्या सूत्रावर सरकारी शिक्का बसला. १९५७ मध्यें कॅथलिकांची देशभक्त संघटना निघाली, व दुसऱ्याच वर्षीं रोमच्या संमतीवांचून बिशप नेमण्यास सुरुवात झाली. १९६६ मध्यें सांस्कृतिक क्रांतीनें शिक्का मारलेलीं व न मारलेलीं सर्वच देवळें बंद केलीं. बायबलें जळलीं, कुळांच्या वंशावळी जळल्या, पितरांच्या पाट्या फुटल्या. बीजिंगमधील रिचीच्या थडग्याचा दगडहि जमिनींत पुरला गेला. पुढें तो पुन्हा उभारण्यांत आला. या आगीची विशेष गोष्ट अशी कीं, ज्या दोन पूजांचा तीनशें वर्षें झगडा चालला होता त्या दोघींस तिनें एकाच ढिगावर टाकलें.

७.

१९७९ मध्यें देवळें पुन्हा उघडूं लागलीं, १९८२ मध्यें पक्षाचें धर्मविषयक धोरणपत्र व नवी राज्यघटना आली. घटनेचें ३६ वें कलम 'सामान्य' धर्मकृत्यांस संरक्षण देतें. बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक व प्रॉटेस्टंट एवढे पांच धर्म मान्य. कुळधर्म, ग्रामदेवता व छिंगमिंगच्या दिवशीं होणारी पितरांच्या कबरींची झाडलोट या यादींत नाहींत, तथापि चिनी मनुष्याचा बराचसा धर्म तेथेंच आहे.

दार उघडल्यावर जें दिसलें त्यानें सर्वांस चकित केलें. सरकारच्या श्वेतपत्रिकांप्रमाणें प्रॉटेस्टंट १९९७ मध्यें एक कोटि व २०१८ मध्यें तीन कोटि ऐंशी लाख, आणि कॅथलिक सुमारें साठ लाख. अमेरिकेंतील प्यू संस्थेनें २०११ मध्यें सर्व ख्रिस्त्यांचा अंदाज सहा कोटि सत्तर लाख केला. उलट २०१८ च्या एका चिनी पाहणींत स्वतःस ख्रिस्ती म्हणविणारे प्रौढ शेंकडा दोन, म्हणजे सुमारें दोन कोटिच भरले. या आंकड्यांतील अंतर वाचकांनीं दोष मानूं नये. गणना हीहि एक सनदच होय. दारावर येऊन विचारणाऱ्यास घर काय सांगतें, एवढेंच तींत उमटतें.

वाढ झाली ती बहुतांशीं खेड्यांतील घरांतून, व पुढें शहरांतील भाड्याच्या खोल्यांतून. नोंद न केलेल्या या मंडळ्यांस 'गृहमंडळ्या' म्हणतात, आणि तें नांव यथार्थ आहे. हनान प्रांतांतील ल्यू श्याओमिन या शेतकरी स्त्रीनें १९९० पासून रचिलेलीं हजारांवर भजनें या मंडळ्यांतून गाइलीं जातात. नववर्षाच्या सणास दारांवर लावावयाच्या तांबड्या कागदांच्या पट्ट्यांवर ख्रिस्ती घरांत बायबलचीं वचनें व क्रूस असतात. श्राद्धाचे कागदी पैसे तीं जाळीत नाहींत, पण कबरीवर फुलें ठेवितात. रिचीनें पंडितांशीं वाद घालून जी तडजोड शोधिली ती आज गृहिणी आपल्या दारांत करीत आहेत.

सनदेचा इतिहास मात्र थांबलेला नाहीं. नानजिंगच्या अमिटी छापखान्यांत, जो १९८७ मध्यें निघाला, २०१९ पर्यंत वीस कोटि बायबलें छापून झालीं; परंतु २०१८ मध्यें देशांतील संगणक-बाजारांतून त्याच ग्रंथाची विक्री बंद झाली. वेनझौ येथील सानज्यांग देऊळ २८ एप्रिल २०१४ रोजीं पाडण्यांत आलें व पुढील दोन वर्षांत झज्यांग प्रांतांतील हजारावर क्रूस उतरविण्यांत आले. १ फेब्रुवारी २०१८ पासून नवे धर्मनियम अमलांत आले. हनानसारख्या प्रांतांत अठरा वर्षांखालील मुलांस देवळांत येऊं देऊं नये असे हुकूम निघाले. चंगदू येथील गृहमंडळीचा प्रमुख वांग यी यास डिसेंबर २०१९ मध्यें नऊ वर्षांची शिक्षा झाली. रोमशीं बिशपांच्या नेमणुकीविषयीं २०१८ मध्यें करार झाला व तो २०२४ मध्यें चार वर्षांसाठीं वाढविण्यांत आला. परवान्याचा तो जुनाच प्रश्न : धर्मगुरु कोणाचा?

सरकारची मागणी धर्मांच्या 'चिनीकरणाची' आहे. वर दिलेल्या पुराव्यापुढें ही मागणी विचित्र वाटते. कमळावरचा क्रूस ७८१ चा आहे. आईच्या कबरीवरील सूत्र ८१५ चें आहे. धर्म चिनी झाला तो हुकुमानें नव्हे. जेव्हां जेव्हां झाला तेव्हां तो घरांत झाला, आणि जेथें झाला तेथें बंदीनें तो मेला नाहीं. म्हणून वरील सर्व नियमांत आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो तो मुलांविषयींचा. क्रूस उतरविल्यानें देऊळ बोडकें होतें. मुलाच्या हातीं आजीचें भजन न आल्यास घराचा धागा तुटतो.  तो कितपत टिकेल हें पुढील पिढीच्या कागदांतूनच कळेल.

८.

त्या कागदांविषयीं दोन शब्द लिहून हा लेख पुरा करितों. शीआनची शिला जमिनीनें सांभाळली, दुन्ह्वांगचीं हस्तलिखितें भिंतीनें सांभाळलीं, आंद्रेआस लीची रोजनिशी एका एकाकी माणसाच्या चिकाटीनें सांभाळली. १९६६ नंतरच्या वर्षांत उपासना कशी चालली याचीं साधनें यांहून साधीं आहेत : हातानें उतरून काढलेलीं बायबलचीं पानें, वह्यांत लिहिलेलीं भजनें, वृद्धांच्या तोंडच्या आठवणी. अशा वह्यांस बाजारांत किंमत नसते, म्हणून त्या आधीं नाहींशा होतात. आपल्याकडेहि सनदा मखमलीच्या रुमालांत बांधल्या गेल्या आणि घरच्या वह्या रद्दींत गेल्या, याचा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांस असेलच. सनदेवरून दार केव्हां उघडलें तें समजेल. आंत दिवा कोणी लावला होता तें सांगणारी वही हातीं आल्यास ती, भाषा कोणतीहि असो व धर्म कोणताहि असो, टाकून देऊं नये.